‘हाय नून’चं घड्याळ: ८५ मिनिटांचा चित्रपट नेमका कसा चालतो

१९५२ च्या जुलैमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘हाय नून’ची गोष्ट चार ओळींत सांगून होते. मार्शलने तुरुंगात धाडलेला गुंड सुटलाय आणि बाराच्या गाडीने गावात परत येतोय. त्याचे तीन साथीदार स्टेशनावर वाट बघत बसलेत. मार्शलच्या हातात सव्वा तास आहे आणि गावातला एकही धडधाकट माणूस त्याच्या बाजूने बंदूक उचलायला तयार नाही. खरा गोळीबार शेवटी, थोडक्यात उरकतो. त्याआधी तासाहून जास्त वेळ एक पन्नाशीचा माणूस रस्त्याने चालत दारं ठोठावतो, बस्स.

तरीही चित्रपट कुठे सैल पडत नाही. त्याचं श्रेय सगळे भिंतीवरच्या घड्याळांना देतात. पण नुसतं घड्याळ टांगल्याने ताण येत नाही. दर काही मिनिटांनी एक दार बंद होत जातं, म्हणून त्या घड्याळाकडे बघावंसं वाटतं. तेव्हा आधी ही दारं कोणती आणि ती बंद का होतात ते बघू.

मार्शल, शेरीफ आणि एका दिवसाची फट

वेस्टर्न चित्रपटांत मार्शल आणि शेरीफ हे शब्द आपण एकाच अर्थाने घेतो. प्रत्यक्षात शेरीफ हा काउंटीचा, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्याचा, निवडून आलेला अधिकारी. गावचा मार्शल हा त्या गावाने पगार देऊन नेमलेला माणूस, त्याची हद्द गावापुरती. केंद्र सरकारचे मार्शल असतात ते तिसरेच. हॅडलीव्हिल गावचा विल केन (गॅरी कूपर) हा गावाने नेमलेला मार्शल आहे. त्याच्या हाताखाली डेप्युटी असतात, आणि वेळ पडली तर गावातल्या पुरुषांना तात्पुरते डेप्युटी म्हणून शपथ देऊन टोळी उभी करता येते. केन दारोदार फिरतो तो हीच माणसं गोळा करायला. बाराच्या गाडीने येणाऱ्या गुंडाला, फ्रँक मिलरला, पाच वर्षांपूर्वी पकडलं तेव्हा अशी टोळी उभी राहिली होती, म्हणून आताही राहील असं तो गृहीत धरतो.

पटकथाकार कार्ल फोरमनने इथे एक बारीक फट ठेवली आहे. सकाळी साडेदहाच्या सुमाराला केनचं लग्न लागतं. बायको एमी (ग्रेस केली) क्वेकर पंथाची, म्हणजे हिंसा निषिद्ध मानणारी. तिच्यासाठी केनने नोकरी सोडली आहे, बिल्ला उतरवून ठेवला आहे. नवा मार्शल यायचाय दुसऱ्या दिवशी. म्हणजे मधल्या चोवीस तासांत गावाला मार्शलच नाही. मिलर सुटल्याची तार याच वेळी येते. गावकरी नवराबायकोला घाईघाईने टांग्यात बसवून वाटेला लावतात. केन थोडं अंतर जाऊन परत फिरतो आणि स्वतःच बिल्ला पुन्हा छातीवर लावतो.

कायद्याच्या दृष्टीने हे पुन्हा लावणं जरा डळमळीतच, आणि गावकरी पुढे त्याचा बरोबर फायदा घेतात. मिलरची फाशी आधी जन्मठेपेवर आली, मग तो सुटला, आणि हे सगळं ‘वर उत्तरेकडच्या’ राजकारण्यांनी केलं. तेव्हा यात आमचा दोष काय, असं विचारायला गाव मोकळं. दोन्ही पळवाटा पहिल्या पंधरा मिनिटांत पेरलेल्या आहेत. पहिल्यांदा बघताना त्या लक्षातही येत नाहीत.

नकार कसे रचले आहेत

आठ-दहा माणसं ‘नाही’ म्हणतात, पण कोणाचंही कारण दुसऱ्यासारखं नाही. चित्रपटाचा कणा हाच. हे सगळे नुसते भित्रे दाखवले असते तर तिसऱ्या नकारानंतर कंटाळा आला असता.

पहिला नकार न्यायाधीशाचा. मिलरला शिक्षा सुनावणारा हाच. तो केनशी बोलता बोलता भिंतीवरचा झेंडा उतरवून घडी करतो, न्यायाचा तराजू खोगिराच्या पिशवीत भरतो आणि प्राचीन अथेन्सची गोष्ट सांगतो: हाकलून दिलेला जुलमी राजा परतला तेव्हा नागरिकांनीच त्याला दरवाजे उघडून दिले. अथेन्सचा दाखला देत देत पळणारा न्यायाधीश! दिग्दर्शक फ्रेड झिनेमानने इथे अभिनेत्याला एक क्षणही स्वस्थ बसू दिलेलं नाही. तोंड इतिहास सांगतंय आणि हात बोचकं बांधताहेत.

दुसरा डेप्युटी हार्वी पेल (लॉईड ब्रिजेस). याला मार्शल व्हायचं होतं आणि केनने आपली शिफारस केली नाही याचा राग आहे. तो सौदा मांडतो: माझं नाव पुढे कर, मी थांबतो. केन म्हणतो, थांबायचं तर थांब, पण ही अट नको. पेल बिल्ला आणि पिस्तुलाचा पट्टा काढून ठेवतो. तो पट्टा नीट लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

हर्ब बेकर हा सगळ्यात प्रामाणिक नमुना. तो आधी स्वतःहून ‘मी आहे’ म्हणतो आणि ठरल्या वेळी परत येतो. बाकीचे किती, हे विचारल्यावर ‘तू आणि मी’ असं उत्तर मिळतं आणि त्याचा चेहरा उतरतो. टोळीत यायला तयार असलेला माणूस दोघांच्या जोडीत यायला तयार नसतो. बायको, मुलं ही कारणं तो त्यानंतर शोधतो. सॅम फुलर घरात लपतो आणि घरी नाही असं बायकोला दारात सांगायला लावतो. हा प्रसंग छोटासा आहे. केनला खोटं कळतं, बाईला कळतं की त्याला कळलंय, आणि दोघंही ते बोलून दाखवत नाहीत.

दारूच्या गुत्त्यात वेगळाच हिशोब निघतो. हॉटेलचा कारकून तर एमीला तोंडावर सांगतो की मिलर होता तेव्हा धंदा जास्त चालायचा. गुंडगिरीवर पोट असणारी माणसंही गावात असतात, हे चित्रपट लपवत नाही.

चर्चमधला प्रसंग सगळ्यात लांब, आणि माझ्या मते सगळ्यात कसदार. केन मदत मागतो तेव्हा काही जण ताडकन उठतातही. मग एकजण म्हणतो, जरा थांबा, चर्चा करू. मुलांना बाहेर पाठवलं जातं आणि रीतसर सभा सुरू होते. हे काम पगारी माणसाचं, केन आता मार्शल नाही, भांडण दोघांचं खासगी आहे, चूक उत्तरेकडच्यांची. पाद्री म्हणतो, मारू नका असं धर्म सांगतो, लोकांना मरायला जा असं मी कसं सांगू? शेवटी प्रतिष्ठित गृहस्थ जोनस हेंडरसन (थॉमस मिचेल) उठतो. तो केनची तोंड भरून स्तुती करतो, इतकी की आता हा सगळ्यांना घेऊन निघणार असंच वाटतं. मग तो सांगतो की उत्तरेकडचे लोक या गावात पैसा घालायच्या विचारात आहेत, रस्त्यात मुडदे पडल्याचं छापून आलं तर ते फिरकणार नाहीत, तेव्हा केनने निघून जावं हेच गावाच्या भल्याचं. सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या वार्षिक सभेला गेलेल्या कोणालाही हा भाषणाचा घाट ओळखीचा वाटेल: आधी सत्कार, मग ठराव.

उरला म्हातारा मार्शल मार्टिन होव, केनचा गुरू. त्याची बोटं संधिवाताने वाकडी झालीत. तो म्हणतो की मी आलो तर तू मला सांभाळत बसशील आणि त्यातच मरशील. हा नकार खराच आहे, म्हणून तो केनला सगळ्यात जास्त लागतो. याउलट जे दोघं आपणहून पुढे येतात त्यांना केनलाच परत पाठवावं लागतं: एक डोळा गेलेला दारुडा आणि एक चौदा वर्षांचा पोरगा.

घड्याळ खरं किती बोलतं

‘हाय नून’ प्रत्यक्ष वेळेत चालतो असं सर्रास लिहिलं जातं. हिशोब करून बघा. गोष्ट साधारण १०:३५ ला सुरू होऊन १२:१५ च्या आसपास संपते, म्हणजे शंभर मिनिटं. चित्रपट ८५ मिनिटांचा. पंधरा मिनिटं कुठेतरी गिळली आहेत, आणि ती कळू नयेत हीच कारागिरी.

त्यासाठी तीन गोष्टी सांभाळल्या आहेत. पहिली, कथा गावाची वेस जवळजवळ ओलांडत नाही. गावाबाहेरच्या एका डेप्युटीचं उपकथानक चित्रितही झालं होतं, ते संकलनात सरसकट काढून टाकलं. कॅमेरा एकदा जरी मैलभर दूर गेला असता तर ‘तिकडे किती वेळ गेला’ हा प्रश्न प्रेक्षकाच्या डोक्यात आला असता. दुसरी, मध्ये स्वप्न नाही, जुनी आठवण नाही. मिलर काय चीज आहे हे आपल्याला फक्त लोकांच्या तोंडून कळतं. तिसरी, घड्याळ दाखवताना प्रत्येक वेळी ते कोणीतरी बघत असतं किंवा कोणाच्या तरी डोक्यावर टांगलेलं असतं. नुसतं माहितीसाठी घड्याळ क्वचितच येतं.

झिनेमानने तीन दृश्यं मनाशी पक्की केली होती: क्षितिजापर्यंत गेलेले निश्चल रूळ, पांढऱ्याफटक आकाशाखाली गडद कपड्यांत सतत चालणारा मार्शल, आणि हळूहळू मोठी होत जाणारी घड्याळं. सुरुवातीला घड्याळ चौकटीच्या कोपऱ्यात असतं, बाराच्या जवळ ते पडदा व्यापतं आणि लंबकही जड झाल्यासारखा हलतो. म्हणजे सुरुवातीची मिनिटं चित्रपट पटापट खातो आणि शेवटची ताणतो. एकूण बेरीज चुकते, पण वाट बघणाऱ्या माणसाला वेळ तसाच जाणवतो.

बाराच्या आधीचा तुकडा संकलन शिकणाऱ्यांनी आवाज बंद करून एकदा आणि चालू ठेवून एकदा बघावा. केन टेबलाशी बसून मृत्युपत्र लिहितोय. लंबक, रूळ, स्टेशनावरचे तिघं, चर्चमधले लोक, गुत्त्यातले लोक, म्हातारा होव, हॉटेलात बसलेल्या दोघी बायका (एमी आणि केनच्या आयुष्यात पूर्वी येऊन गेलेली हेलन रामिरेझ). आणि मध्येच एक रिकामी खुर्ची, जिच्यात बसून मिलरने ‘परत येईन आणि तुला मारीन’ अशी धमकी दिली होती. आतापर्यंत भेटलेला जवळजवळ प्रत्येक चेहरा परत येतो, प्रत्येक वेळी थोडा आणखी जवळून. संगीतकार दिमित्री तिओमकिनचा ठेका आणि लंबकाची टकटक एकच आहे, आणि तुकडे त्या ठेक्यावर पडतात. मग इंजिनाची शिटी. ती कर्कश नाही, लांबून येते, आणि तिच्याबरोबर ठेका एकदम थांबतो.

संकलनाचं ऑस्कर एल्मो विल्यम्स आणि हॅरी गर्स्टॅड यांना मिळालं. चित्रपट संकलनात ‘वाचवला’ असा दावा पुढे विल्यम्सकडून झाला आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला. काटछाट विल्यम्सची असेल, पण रूळ, माणूस आणि घड्याळ ही तीन चित्रं आधीच टिपलेली नसती तर जोडायला होतं काय?

मुद्दाम रुक्ष केलेलं चित्र

त्या काळी वेस्टर्न म्हटला की फिल्टर लावून गडद केलेलं आकाश, त्यात कापसासारखे ढग, खाली डोंगर. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बीने फिल्टर काढूनच टाकले. आकाश पांढरं पडलं, प्रकाश सपाट, पोत खरखरीत. अमेरिकी यादवी युद्धातल्या मॅथ्यू ब्रेडीच्या छायाचित्रांसारखं चित्र हवं, असं त्याचं आणि झिनेमानचं ठरलं होतं. रोजचे तुकडे बघून निर्मात्यांच्या बाजूने तक्रारी यायच्या. हे दोघं बधले नाहीत.

कूपर तेव्हा पन्नास वर्षांचा होता, केली एकवीसची. त्याला पाठीचा आणि पोटाच्या अल्सरचा त्रास होता, आणि चेहऱ्यावर मेकअप जवळपास नव्हता. सपाट प्रकाशात त्याच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसते. नेहमीच्या वेस्टर्न प्रकाशात हाच चेहरा देखणा दिसला असता आणि चित्रपट पडला असता.

एकूण खर्च साडेसात लाख डॉलरच्या आसपास, चित्रीकरण जेमतेम महिनाभराचं. गावाचा रस्ता बरबँकच्या कोलंबिया रँचवरचा तयार सेट. स्टेशन आणि रूळ मात्र खरे, कॅलिफोर्नियातल्या वॉर्नरव्हिलजवळचे. समोरून येणाऱ्या गाडीचा शॉट घ्यायला झिनेमान आणि क्रॉस्बी रुळांवरच कॅमेरा लावून बसले. इंजिनातून आधी पांढरा धूर आला, मग काळा. ब्रेक लागत नसल्याची ती खूण होती हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोघं कसेबसे बाजूला झाले, तिपाई रुळात अडकली, कॅमेऱ्याचा चुराडा झाला. आतली फिल्म वाचली आणि तोच शॉट चित्रपटात आहे.

शिटीनंतरच्या शांततेत तो प्रसिद्ध क्रेन शॉट येतो. गाव सोडून निघालेल्या दोघी बायकांना घेऊन टांगा स्टेशनाकडे जातो, केन रस्त्याच्या मधोमध उरतो. आधी घाम आलेला चेहरा जवळून, मग कॅमेरा मागे आणि वर, आणखी वर. सगळी दारं-खिडक्या बंद. इतका वेळ बंद दारं एकेक करून पाहिली, आता ती एकाच चौकटीत दिसतात. हाच शॉट सुरुवातीला घेतला असता तर नुसतं गावाचं दर्शन झालं असतं.

चौघांशी एकटा कसा लढतो

इथेही हिशोब चोख आहे. फ्रँकचा भाऊ आणि साथीदार बेन मिलर याला दुकानातली बायकी टोपी दिसते, तो काच फोडून ती उचलतो, आणि काचेच्या आवाजाने केनला चौघांचा ठावठिकाणा कळतो. तो आडून त्यांच्या मागे जातो, हाक मारतो, पहिला बेन पडतो. मग तबेला. दुसरा साथीदार कोल्बी (ली व्हॅन क्लीफ, पहिलाच चित्रपट, तोंडी एकही संवाद नाही) आत शिरतो आणि मरतो. मिलर गवताला आग लावतो, केन घोडे सोडून त्यांच्या गर्दीतून बाहेर पडतो, दंडाला गोळी लागते आणि तो खोगीरवाल्याच्या दुकानात अडकतो. समोर दोघं उरलेत.

पहिली गोळी ऐकून एमी गाडीतून उतरून धावत आलेली असते. तिसरा साथीदार पियर्स खिडकीबाहेर उभा राहून पिस्तूल भरतोय. एमी पेलने टांगून ठेवलेल्या पट्ट्यातलं पिस्तूल उचलते आणि काचेतून त्याच्या पाठीत गोळी घालते. पाठीत! वेस्टर्नच्या शिष्टाचारात याहून हलकं काही नाही, आणि ते करते हिंसा न मानणारी नायिका. झिनेमान तिचा चेहरा धरून ठेवतो, विजयाचा सूर वाजत नाही. मिलर तिला ओलीस धरतो, ती त्याचा चेहरा ओरबाडते, केनला मोकळा नेम मिळतो. मग गाव जमा होतं. केन बिल्ला काढून धुळीत टाकतो आणि कोणाशी एक शब्द न बोलता निघून जातो.

एक कमकुवत जागाही आहे. मिलरचं नाव तासभर ऐकून जी आकृती डोळ्यांपुढे उभी राहते, तिच्यापुढे गाडीतून उतरणारा माणूस थिटाच पडतो. इयन मॅकडोनाल्डचा यात फार दोष नाही. कोणीही उतरला असता तरी हेच झालं असतं. या चित्रपटात न दिसलेला मिलर जास्त भीतिदायक आहे. उलट केटी हुरादोची हेलन रामिरेझ, मिलर, केन आणि पेल या तिघांच्याही आयुष्यात येऊन गेलेली मेक्सिकन व्यावसायिक बाई, पडद्यावर असते तेवढा वेळ कोणालाही भाव देत नाही. त्या भूमिकेसाठी हुरादोला गोल्डन ग्लोब मिळाला.

गाणं आणि राजकारण

सुरुवातीलाच टेक्स रिटरच्या आवाजात गाणं सुरू होतं आणि नायकाची सगळी अडचण सांगून टाकतं: बायको सोडून जाईल, बाराची गाडी येईल, मी पळू शकत नाही. पुढे तिओमकिन हीच चाल कधी बाजाच्या सुरांवर, कधी जड वाद्यमेळात फिरवत राहतो. तीच तीच चाल काहींना खटकते, आणि तक्रार अगदीच चुकीची नाही. पण केन फार बोलत नाही, म्हणून त्याच्या मनातलं सांगायचं काम या चालीवर येऊन पडतं. कूपर, संकलन, संगीत आणि गाणं अशी चार ऑस्कर मिळाली.

फोरमन स्वतः त्याच काळात एका वेगळ्या बाराची वाट बघत होता. पूर्वी तो कम्युनिस्ट पक्षात होता, आणि चित्रीकरण चालू असतानाच, सप्टेंबर १९५१ मध्ये, कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्याची साक्ष झाली. त्याने इतरांची नावं द्यायचं नाकारलं. निर्माता स्टॅनली क्रेमरने त्याच्याशी भागीदारी तोडली, फोरमन इंग्लंडला निघून गेला. मित्र रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागले तेव्हा ऐकलेली वाक्यं आपण संवादांत घातली, असं त्याने पुढे सांगितलं. गंमत म्हणजे कूपर स्वतः पक्का उजवा, १९४७ मध्ये याच समितीपुढे सहकार्य करणारा साक्षीदार. तरीही तो फोरमनच्या बाजूने बोलत राहिला.

वेस्टर्नचा नट जॉन वेनला हा चित्रपट अमेरिकाविरोधी वाटत असे. १९७१ च्या मुलाखतीत तर त्याने केन बिल्ला पायाखाली तुडवतो असं सांगितलं, जे चित्रपटात घडतच नाही. आणि कूपर हजर नव्हता म्हणून त्याचं ऑस्कर मंचावर जाऊन घेतलं ते याच वेनने. तिकडे सोव्हिएत वर्तमानपत्र ‘प्रावदा’ने चित्रपट व्यक्तिपूजा करतो म्हणून टीका केली. आणि १९८९ च्या निवडणुकीत पोलंडच्या ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेने कूपरचं चित्र भित्तिपत्रकावर छापलं: हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका, छातीवर संघटनेचा बिल्ला. म्हणजे डावा, उजवा, ज्याला जसा हवा तसा केन प्रत्येकाने वापरला.

बघताना

प्रत मूळ कृष्णधवल आणि जवळजवळ चौकोनी चौकटीची घ्या. टीव्हीचा पडदा भरावा म्हणून वरखाली कापलेल्या प्रतीत आकाश जातं आणि क्रेन शॉटची सगळी हवा निघते. रंग भरलेली आवृत्ती समोर आली तर सोडून द्या.

त्यानंतर आठवड्याभरात हॉवर्ड हॉक्सचा ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) बघावा. चांगला शेरीफ गावभर मदतीची भीक मागत फिरत नाही, असं हॉक्सचं म्हणणं होतं आणि त्याचं उत्तर म्हणून त्याने आणि वेनने हा चित्रपट केला. त्यातला शेरीफ हौशी लोकांची मदत नाकारतो. मग त्याच्या बाजूने उभे राहतात ते कोण? दारूच्या आहारी गेलेला डेप्युटी, एक लंगडा म्हातारा आणि एक तरुण पोरगा. केनच्या वाट्याला आलेले तिघं आठवून बघा: दारुडा, चौदा वर्षांचा मुलगा आणि वाकड्या बोटांचा होव. फोरमनने निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवलेल्या माणसांतूनच हॉक्सने आपली टोळी बांधली आहे, आणि त्यासाठी १४१ मिनिटं घेतली आहेत.